कॉम्प्युटरचं काम बाहेर, किल्ली घरात



आज मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे. तो चालवायचा कसा, हे मी सांगणार नाही. ते आपल्यातल्या पुष्कळजणी एमएससीआयटीच्या वर्गात नाहीतर घरच्या मुलांकडून शिकल्या आहेत. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. कॉम्प्युटर बिघडला की कोणाला बोलवायचं, त्याच्या हातात काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही, हे आज बघू.

हा विषय आपला कसा, असं काहीजणींना वाटेल. आपल्या खेड तालुक्यातल्या कितीतरी बायका महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी इथल्या कंपन्यांत पॅकिंगला, माल तपासायला, कँटीनला जातात. काहींचा भोसरीला किंवा चाकणला स्वतःचा गाळा आहे. तिथे नवरा मशीनवर उभा असतो आणि बाई हिशेब सांभाळते. काही गट आता स्वतःच कंपन्यांना हातमोजे, कापडी कव्हरं, जेवणाचे डबे पुरवतात. या तिन्ही ठिकाणी कोपऱ्यात एक कॉम्प्युटर असतोच. तो बंद पडला की बिल अडतं, बिल अडलं की पैसे अडतात आणि पैसे अडले की आपला पगार अडतो. म्हणून विषय आपलाच आहे.

थोडं मागे जाऊ. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. टेल्को आणि बजाज यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग लागायचे, ते करून देणारे शेकडो लहान गाळे त्यांच्या आजूबाजूला वाढले. पुढे चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, त्यानंतर महिंद्राचा. त्यांच्या मागोमाग लहान गाळे इकडेही आले.

मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला वेगळा विभाग असतो. लहान गाळ्यात माणसंच दहा-पंधरा. त्यात एक सुपरवायझर, एक हिशेब बघणारी मुलगी, बाकी सगळे मशीनवर. कॉम्प्युटरसाठी पगारी माणूस ठेवणं त्यांना परवडत नाही. पूर्वी त्याचं काही अडत नव्हतं. चलन बुक होतं, कार्बन पेपर होता, काम चालायचं. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. २०१८ पासून माल पाठवायला ई-वे बिल आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांना दुसऱ्या धंद्याला द्यायचं बिलसुद्धा सरकारच्या पोर्टलवर नोंदवावं लागतं. कोणता माल किती आणि कधी हवा, हे शेड्यूलही मोठी कंपनी आता कॉम्प्युटरवरच पाठवते. टेम्पो भरून उभा आहे आणि प्रिंटर चालत नाही, अशी वेळ आली तर गाळ्याच्या मालकाला घाम फुटतो. माल वेळेत पोचला नाही आणि पुढे कंपनीची लाइन थांबली, तर त्या नुकसानीचे पैसे त्याच्या बिलातून कापले जाऊ शकतात.

तेव्हा बाहेरचा माणूस बोलावणं आलंच. त्यात चुकीचं काही नाही. गावात विहिरी-विहिरींवर मोटारी असतात, पण मोटार भरून देणारा कोणी पगारावर ठेवत नाही. गरज पडली की बोलावतो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे.

ही बाहेरची मदत तीन प्रकारांनी मिळते. पहिला प्रकार, बिघडलं की बोलवायचं आणि त्या फेरीचे पैसे द्यायचे. दुसरा प्रकार वर्षाच्या कराराचा, त्याला सगळे एएमसी म्हणतात. वर्षाचे ठरलेले पैसे द्यायचे, त्याने महिन्या-दोन महिन्यांनी येऊन तपासायचं आणि बिघडलं की ठरलेल्या वेळात यायचं. यात पुन्हा दोन भाग असतात. एका करारात सुटे भाग धरलेले असतात, दुसऱ्यात फक्त मजुरी असते. हे आधी विचारलं नाही तर हार्ड डिस्क गेल्यावर वाद होतो. तिसरा प्रकार म्हणजे तो त्याच्या ऑफिसात बसूनच आपला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आपण एक ॲप उघडून त्याला आकडा सांगतो आणि आपला माउस तो तिकडून हलवतो.

त्याच्याकडे फक्त कॉम्प्युटर नसतो हेही लक्षात घ्या. नेटचा राउटर, वायरी, प्रिंटर, सीसीटीव्ही, अंगठ्याचं हजेरी मशीन, टॅली, ईमेल, हे सगळं हळूहळू त्याच्याच हाताखाली जातं. म्हणजे आपल्या धंद्याचं कपाटच त्याच्यासमोर उघडं असतं. माणूस चांगला असतो, मी नावं ठेवत नाही. पण उद्या तो नसला तर?

आमच्या भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. गटाचं नाव सांगत नाही. हा गट कंपन्यांना कापडी कव्हरं शिवून देतो. जीएसटीची नोंदणी, ईमेल, बँकेचं नेटबँकिंग हे सगळं कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलानेच करून दिलं होतं. फॉर्म भरताना ओटीपी पटकन यावा म्हणून त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. दोन वर्षं काही अडलं नाही. ओटीपी आला की तो फोनवर सांगायचा. मग त्याला दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी लागली, नंबर बदलला आणि तो निघून गेला. त्याने पैसे खाल्ले नाहीत की फसवलं नाही. पण रिटर्न भरायच्या तारखेला गटातल्या बायका स्वतःच्याच खात्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि किल्ली भलत्याच गावाला गेलेली. रिटर्न उशिरा गेला, विलंब शुल्क भरावं लागलं. समोरच्या कंपनीने तेवढे दिवस पुढची ऑर्डर थांबवून ठेवली. अकरा बायकांची एका महिन्याची शिलाई त्यात गेली.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. नोंदणी करून देणाऱ्यांनी स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकला आणि आता ते माहिती देत नाहीत, अशा तक्रारी देशभरातून इतक्या आल्या की जुलै २०१८ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाला त्यावर मार्ग काढावा लागला. धंदेवाल्याने कागदपत्रं घेऊन आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जायचं आणि अधिकाऱ्याने खातरजमा करून नवा ईमेल, नवा नंबर चढवून द्यायचा, अशी सोय झाली. आपल्यापैकी कोणाचं असं अडलं असेल तर हा रस्ता आहे. घाबरून नवी नोंदणी करत बसू नका.

आता बघा, यावरचा उपाय आपल्याला कोणी शहरातून येऊन शिकवायची गरज नाही. गट सुरू झाला तेव्हाच तो आपण शिकलोय. पैशांची पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे आणि वही तिसरीकडे. बँकेतून पैसे काढायला एकीची सही चालत नाही. आपला एकमेकींवर विश्वास नाही म्हणून का आपण असं करतो? तसं नाही. विश्वास टिकावा म्हणून करतो. कॉम्प्युटरला हाच नियम लावायचा. काम बाहेर द्यायचं, किल्ली आपल्याकडे ठेवायची. पंचसूत्री आपल्या तोंडपाठ आहे, म्हणून याच्याही पाचच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, मोबाइल नंबर आणि ईमेल आपला. जीएसटी, बँक, उद्यम नोंदणी, नेटचं कनेक्शन, जिथे जिथे नंबर लागतो तिथे गटाचा किंवा धंद्याचा स्वतःचा नंबर द्यायचा. शक्य असेल तर त्यासाठी वेगळं सिम ठेवा आणि त्याचं रिचार्ज चुकवू नका. सिम बरेच दिवस बंद राहिलं तर तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. ओटीपी आपल्या हातात आला म्हणजे दाराची कडी आपल्या हातात आली.

दुसरी गोष्ट, पासवर्डची वही. कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड, ज्याला ॲडमिन म्हणतात, तो, राउटरचा, ईमेलचा, टॅलीचा, सीसीटीव्हीचा, असे सगळे एका वहीत लिहून वही कुलुपात ठेवायची. वहीतलं दोघींना माहीत असावं. दुरुस्तीवाल्याला कामापुरता पासवर्ड द्यायचा आणि काम झाल्यावर बदलायचा. बँकेचा पासवर्ड, पिन आणि ओटीपी मात्र त्याला कधीच द्यायचा नाही. प्रिंटर दुरुस्त करायला बँकेचा पासवर्ड लागत नाही.

तिसरी गोष्ट, हिशेबाची दुसरी प्रत. तिला बॅकअप म्हणतात. यावर एक खरी घडलेली गोष्ट ऐका. चाकणचा माल परदेशी जातो तो बराचसा उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून, म्हणजे जेएनपीएतून. तिथलं एक टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीच्या गटाकडे आहे. २७ जून २०१७ ला या कंपनीचे जगभरातले कॉम्प्युटर एका व्हायरसने बंद पाडले. न्हावा-शेव्याच्या त्या टर्मिनलवरचं कामही ठप्प झालं. हा व्हायरस आला कुठून? युक्रेन देशात कराचा हिशेब करायचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या अपडेटमधून. म्हणजे चोर शिरला तो बाहेरून घेतलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच.

पुढचं ऐका. या कंपनीकडे एका अत्यंत महत्त्वाच्या माहितीच्या जगभर कितीतरी प्रती होत्या. पण त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदम गेल्या. एकच वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशाच्या ऑफिसातली. कारण काय, तर त्या वेळी तिथे लाइट गेली होती आणि तो कॉम्प्युटर बंद होता. ती एक प्रत माणसाच्या हाती इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून पुढची उभारणी झाली. आपण लाइट गेली की बोटं मोडतो, तिथे गेलेल्या लाइटने कंपनी वाचवली.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. कॉम्प्युटरला चोवीस तास जोडून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे. व्हायरस आला तर तीही जाते. दर आठवड्याला टॅलीची आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत काढायची, डिस्क काढून घ्यायची आणि दुसरीच्या घरी ठेवायची. भोसरी-पिंपरीकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, मग बुधवारी संध्याकाळचं हेच काम ठरवून टाका. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत उघडते का तेही बघा. न उघडणारी प्रत म्हणजे कुलूप लागलेली पण रिकामी पेटी. आणि कोणी “फॉरमॅट मारून देतो” म्हणाला, तर आधी प्रत काढली का हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका.

चौथी गोष्ट, लांबून होणारी दुरुस्ती. ही सोय फार चांगली आहे. वेळ वाचतो, फेरीचे पैसे वाचतात. पण हाच रस्ता चोरांनीही धरला. एनीडेस्क नावाच्या अशा ॲपवरून लोकांच्या खात्यांतले पैसे काढले जातात, असा इशारा फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता. ॲप वाईट नाही, पण आकडा कोणाला सांगतोय ते महत्त्वाचं. नियम सोपा आहे. आपण फोन करून बोलावलं तरच आकडा सांगायचा. “मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे,” असा फोन स्वतःहून आला तर तो ठेवून द्यायचा. दुरुस्ती चालू असताना स्क्रीनसमोर बसून राहायचं, बँकेचं पान उघडायचं नाही आणि काम संपलं की ॲप बंद करायचं.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर रडत बसू नका, घरात लपवूनही ठेवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे जायच्या आत थांबवता येतात, पण त्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात. “नवरा काय म्हणेल, गट काय म्हणेल” यात जी रात्र जाते, त्या रात्रीतच पैसे लांब जातात.

पाचवी गोष्ट, कागद. ओळखीतला मुलगा आहे, लिहून काय घ्यायचं, असं आपण म्हणतो. ओळखीत लिहून घ्यावं, म्हणजे ओळख टिकते. एका पानावर पुरे. वर्षाचे पैसे किती, सुटे भाग त्यात आहेत का, फोन केल्यावर किती तासांत येणार, तो आजारी पडला तर कोण येणार, सॉफ्टवेअरचा परवाना कोणाच्या नावावर. परवाना आपल्याच नावावर हवा आणि खरा हवा. फुकटात टाकलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरबरोबर पुष्कळदा व्हायरसही येतो. आणि शेवटचं कलम, काम सोडताना सगळे पासवर्ड आणि प्रती आपल्या हातात देणार. आमच्या त्या गटाकडे हे एक कलम असतं, तर ती शिलाई वाचली असती.

कधी कधी तो म्हणेल की मशीन जुनं झालं, बदला. लगेच संशय घेऊ नका आणि लगेच पैसेही काढू नका. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ चालत नाही, हे खरं आहे. तेव्हा त्याचं म्हणणं बरोबरही असू शकतं. कारण लिहून मागा, आणखी एका ठिकाणी दाखवा, मग ठरवा. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारतोच ना?

आणि एक सांगते. त्या मुलाचाही छोटा धंदाच असतो. त्याचे पैसे वेळेवर द्या. रात्री अकराला फोन करून “जरा प्रिंटर बघ ना” असं म्हणू नका. आपल्याला कंपनीने बिल अडवलं की कसं वाटतं, तेच त्याला वाटतं.

आता शेवटचा मुद्दा आपल्या मुलींचा. हे काम करायला बाहेरूनच माणूस का यावा? सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले होते, त्यांनी त्यावर औषध म्हणून सॉफ्टवेअर लिहिलं. १९९५ मध्ये कंपनी नोंदवली गेली आणि त्या सॉफ्टवेअरचं नाव क्विक हील. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण सुरुवात कुठून झाली ते बघा. लोकांची बिघडलेली मशीन दुरुस्त करण्यापासून.

दहावी झालेल्या मुलीला आयटीआयमध्ये कोपा हा एक वर्षाचा ट्रेड घेता येतो. काही आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क दुरुस्तीचाही ट्रेड असतो. फक्त सर्टिफिकेट मिळालं म्हणून गिऱ्हाईक दारात येत नाही. एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे वर्षभर हात काळे करावे लागतात. पण पहिलं गिऱ्हाईक आपण होऊ शकतो. ग्रामसंघाचं ऑफिस, दूध संस्था, पतसंस्था, शाळा, गावातलं किराणा दुकान, सगळीकडे कॉम्प्युटर आहे. हिशेब बघणाऱ्या बाईलाही समोर बाई असली की प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. आपल्या मुलीला पॅकिंगच्या लाइनवर उभी करण्याआधी हा पर्याय एकदा तिला सांगून बघा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. चार प्रश्न विचारा. आपल्या नोंदणीवर नंबर कोणाचा आहे? पासवर्ड कुठे लिहिले आहेत? हिशेबाची दुसरी प्रत कोणाच्या घरी आहे? आणि दुरुस्तीवाला उद्यापासून आला नाही, तर आपलं काम किती दिवस चालेल? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. ज्या प्रश्नाला सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतील, त्या कामापासून सुरुवात करा.